डोंबिवलीतले वाचनालय वापरायला मी कशी शिकले

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय आहे आणि त्याच्या दारावर पत्र्याची पाटी आहे: सकाळी ८ ते १२, सायंकाळी ४.३० ते ८, सोमवारी बंद. ही पाटी मी दोन वर्षे येता-जाता वाचत होते, पण आत एकदाही पाऊल टाकले नव्हते. गिरगावातली चाळीतली खोली सोडून आम्ही २०१५ साली डोंबिवली पूर्वेला राहायला आलो, मात्र माझी बँकेतली नोकरी फोर्टलाच राहिली. सकाळी वाचनालयाचे दार उघडण्यापूर्वी मी गाडीत बसलेली असे, आणि संध्याकाळी सव्वासहाला निघून, गर्दीत तासभर उभी राहून, स्थानकापासून पायी येईपर्यंत आठ वाजून दहा-पंधरा मिनिटे होऊन गेलेली असत. तोवर शिपाईकाका खिडक्या लावून घेत असत. उपनगरात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या किती तरी माणसांची वाचनालयाशी ओळख या बंद खिडक्यांपुरतीच राहते, असे मला तेव्हाही वाटे आणि अजूनही वाटते.

२०१७च्या जून महिन्यात एका चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी होती म्हणून, मी आत गेले. सभासद होण्यास वीस मिनिटे लागली. आधार कार्डाची आणि वीजबिलाची झेरॉक्स, दोन छायाचित्रे आणि जुन्या सभासदाची ओळखीदाखल सही एवढेच हवे होते; सही आमच्याच इमारतीतल्या काकूंनी दिली. प्रवेश फी २० रुपये, परत मिळणारी अनामत ३०० रुपये आणि महिन्याची वर्गणी ५० रुपये. एका वेळी दोन पुस्तके आणि एक मासिक घरी नेता येत होते. अनामतीची पावती मी तेव्हाच बँकेच्या कागदपत्रांबरोबर फायलीत लावली, आणि हे मुद्दाम सांगते, कारण गाव सोडून जाताना ती पावती न सापडल्याने अनामत सोडून देणारी माणसे मी नंतर पाहिली.

वाचनालय सार्वजनिक आहे, मग वर्गणी कशासाठी, असे मी ग्रंथपाल बाईंना पहिल्याच दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, “ताई, हे सरकारचं वाचनालय नाही, लोकांनी काढलेलं आहे. सरकार त्याला अनुदान देतं.” या एका वाक्यामागे केवढी व्यवस्था आहे हे मला हळूहळू कळत गेले. मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा घरपट्टीवर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसवला होता. आपल्याकडचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे आणि त्यात असा उपकर नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालये चालवायची आणि शासनाने ग्रंथालय संचालनालयामार्फत त्यांना मान्यता व परिरक्षण अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत आहे. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके आणि सेवा पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार अनुदान मिळते. म्हणूनच आमच्याकडे वृत्तपत्रांच्या टेबलावर कोणीही येऊन फुकट बसू शकते, पण पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी भरावी लागते. मला यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटली: संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असल्याने तिची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, हिशेब मांडले जातात, आणि वर्गणी भरणारा सभासद तिथे उभा राहून बोलू शकतो. त्या हक्काचा उपयोग मी पुढे केला.

पहिले काही महिने मात्र मी वाचनालय फार तोकडे वापरले. आमच्याकडे वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देण्याची पद्धत नव्हती. खिडकीशी उभे राहून चिठ्ठीवर चार-पाच पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहून द्यायचे, लिपिक आत जाऊन त्यांतले जे असेल ते आणून देतो. क्रमांक शोधायला याद्यांच्या जाडजूड वह्या होत्या. मागे चार माणसे उभी असताना त्या वह्या उलटण्याचा मला संकोच वाटे, म्हणून त्याच दिवशी परत आलेल्या पुस्तकांचा जो ढीग खिडकीवर पडलेला असे, त्यातले वरचे दोन उचलून मी घरी येई. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जे वाचले तेवढेच मी वाचत होते.

हे बदलले ते एका पावसाळी रविवारी. सकाळपासून कोसळत होते, वाचनालयात माझ्याखेरीज कोणी नव्हते, आणि ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “आज आत येऊन बघा.” आत लोखंडी मांडण्यांच्या सात रांगा होत्या, डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास होता. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाला तपकिरी रेक्झिनची बांधणी होती आणि पुठ्ठ्याच्या कण्यावर पांढऱ्या रंगाने, कोणा एकाच माणसाच्या वळणदार अक्षरात, क्रमांक घातलेले होते. प्रवासवर्णनांच्या रांगेतले एक पुस्तक मी काढले आणि मागच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली. जांभळ्या शाईचे शिक्के १९७४पासून सुरू होत होते. सुरुवातीला महिन्याला दोन-तीन, मग वर्षाला एखादा, आणि शेवटचा शिक्का १९९८चा. त्यानंतर एकोणीस वर्षे ते पुस्तक कोणी नेले नव्हते. मी ते नेले. समासात पेन्सिलीने, फार बारीक अक्षरात, एका जुन्या वाचकाने गावांच्या नावांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. पुस्तकात असे काही लिहू नये हे मान्य करूनही त्या दुरुस्त्या बरोबर होत्या हे सांगितले पाहिजे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला तिसरा ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असा आहे. तो नियम ग्रंथपाल बाईंच्या टेबलामागे चौकटीत लावलेला होता आणि मी तो त्या दिवशी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचला.

त्या रविवारनंतर मी याद्यांचा नीट अभ्यास केला. वह्या विषयवार होत्या: कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास, इतिहास, वैद्यक, बालवाङ्मय, आणि ‘संकीर्ण’ नावाची एक वही. चांगली पुस्तके सर्वाधिक हरवलेली असतात ती या संकीर्णमध्ये, कारण पुस्तक कोणत्या विषयात घालावे हे दाखल करणाऱ्याला ठरवता आले नाही की ते तिकडे जाते. पाणी, शेती, स्वयंपाक, रेल्वे, खेळ, सगळे मला तिथे सापडले. संगणकावरची यादीही होती, पण तिच्यात बरीच मराठी नावे रोमन लिपीत, ज्याने त्याने आपापल्या उच्चाराप्रमाणे भरलेली होती. ‘ज्ञान’ हा शब्द मला तिथे तीन प्रकारे लिहिलेला आढळला. त्यामुळे पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाच्या आडनावाने शोधणे आणि एक पुस्तक सापडले की त्याच्या मागचे-पुढचे दाखल क्रमांक पाहणे, ही माझी रीत झाली. एकाच वेळी खरेदी झालेली किंवा एकाच घराने भेट दिलेली पुस्तके लागोपाठच्या क्रमांकांवर असतात. मी एक छोटी वही केली. हव्या असलेल्या पुस्तकांचे क्रमांक तिच्यात आधीच लिहून ठेवलेले असल्याने खिडकीवरचे काम दोन मिनिटांत होऊ लागले, आणि नवरा किंवा मुलगी चिठ्ठी घेऊन गेली तरी नेमके पुस्तक घरी येऊ लागले.

जे पुस्तक वाचनालयात नाही, त्यासाठी मागणी वही असते. ती लिपिकाच्या खणात होती. विचारल्याशिवाय दिसत नव्हती. मी पहिल्याच वेळी अकरा नावे लिहिली आणि चार महिने काहीच झाले नाही. मला राग आला होता, पण कारण समजले तेव्हा तो उरला नाही. अनुदान हप्त्यांनी येते, त्यातून आधी पगार, मग वीज आणि वृत्तपत्रे, आणि मग ग्रंथखरेदी. ती बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस होते आणि ग्रंथनिवड समितीसमोर तेव्हा मागणी वही ठेवली जाते. काही पुस्तके कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून येतात. ही संस्था १९७२ साली स्थापन झाली आहे. बाईंनी मला सांगितले की नुसते नाव लिहिले तर समिती ते ओलांडून पुढे जाते. मग मी पुन्हा लिहिले: पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आणि हे पुस्तक आणखी कोणाच्या उपयोगी पडेल याची एक ओळ. मार्चमध्ये त्यांतली चार पुस्तके आली. जी आली नाहीत, त्यांतली दोन महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची होती आणि ती मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, हेही मला बाईंनीच दाखवले.

घरातल्या बाकीच्यांचे थोडक्यात सांगते. आईच्या डोळ्यांचे शस्त्रक्रियेनंतरही बारीक टायपाशी जमत नव्हते, म्हणून तिच्यासाठी मोठ्या टायपातली पुस्तके बाजूला काढून ठेवण्याची मी विनंती केली आणि ती मान्य झाली. दिवाळीत वेगळी वर्गणी भरून अंकांच्या योजनेत आम्ही दरवर्षी नाव घालतो. मार्चपर्यंत तीसेक अंक घरातून फिरतात, आणि तेवढे विकत घेणे आमच्या आवाक्यातले नाही. मुलीने बारावीचे वर्ष अभ्यासिकेत काढले. आमच्या दोन खोल्यांत तिला जी शांतता देता आली नसती ती तिथे महिना दोनशे रुपयांत मिळाली.

मला सर्वांत अधिक दिले ते संदर्भ विभागाने, आणि निमित्त झाले माझे सासरे. नाना एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे आजोबा रेल्वेच्या कामावर कल्याणला आले आणि तिथेच स्थायिक झाले. “अगं, त्रेपन्न साली गाडी थेट कल्याणपर्यंत आली,” असे ते नेहमी सांगत. मला ते खरे वाटत नव्हते, आणि वादापेक्षा शोध बरा म्हणून मी संदर्भाचे कपाट उघडायला सांगितले. विश्वकोशाचे खंड तिथे होते, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड होते, आणि रेल्वेवरचे एक जुने पुस्तक होते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ची. मार्ग कल्याणपर्यंत पोचला तो १ मे १८५४ रोजी. नानांना मी ती दोन पाने वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग कल्याणबद्दल आणखी काय लिहिलंय ते बघ.”

ते बघायचे तर १८८२चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, हवे होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ठाण्याला तेरावा खंड दोन भागांत मिळालेला आहे आणि चौदावा खंड जिल्ह्यातल्या महत्त्वाच्या स्थळांचा आहे. आमच्याकडे यातले काही नव्हते. इथे उपनगरात राहण्याचा फायदा कळतो, कारण आमच्याच रेल्वेमार्गावर महाराष्ट्रातली अतिशय जुनी वाचनालये ओळीने उभी आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८चे. आणि माझ्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर, टाउन हॉलच्या इमारतीत, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रकाशकांनी आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना पाठवायची असते त्यांतले ते एक. मी पंचवीस वर्षे त्या पायऱ्यांसमोरून जात होते आणि ही गोष्ट मला डोंबिवलीच्या ग्रंथपाल बाईंकडून कळली. त्यांनी मला वाचनालयाच्या शिक्क्याचे एक ओळखपत्र लिहून दिले. असे पत्र मागितले तर मिळते, आणि अनोळखी संदर्भ विभागात त्याने बोलणे सोपे होते.

दोन-तीन ठिकाणी चौकशी करून अखेर चौदावा खंड हाती आला. पाने पिवळी पडलेली, कोपरे हात लावताच झडणारी. अशा ग्रंथाची झेरॉक्स काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, म्हणून मी दोन शनिवार बसून हाताने उतरवून घेतले. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणचे नाव येते, पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात ते कल्लिएना असे येते, आणि सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतातही येते, हे सगळे एकाच नोंदीत होते. जिथे आपण रोज गाडी बदलतो किंवा फलाटावर चहा घेतो, त्या गावचा माणूस दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीला जाऊन आपल्या गावाचे नाव दगडात कोरून घेतो, हे वाचताना माझा हात लिहिता लिहिता थांबला. घरी नानांनी ते टिपण दोनदा वाचून घेतले. नंतर ते स्वतःच रोज सकाळी वाचनालयात जाऊ लागले, आणि वृत्तपत्रांच्या टेबलावर त्यांची भिंतीकडची खुर्ची आता ठरलेली आहे.

करोनाच्या काळात वाचनालय बंद राहिले आणि उघडले तेव्हा सभासद बरेच कमी झाले होते. २०२३च्या वार्षिक सभेत कार्यवाहांनी ही घट वाचून दाखवली तेव्हा मी उठून वेळेचा विषय काढला. नोकरदार माणूस आठच्या आत पोचू शकत नाही, तर तो वर्गणी का भरील? सभेने लेखी अर्ज मागितला. मी आणि गाडीतल्या तिघी मैत्रिणींनी पंधरा दिवसांत त्रेचाळीस सह्या गोळा केल्या, त्यांतले एकोणीस जण सभासद नव्हते आणि वेळ वाढली तर होऊ, असे त्यांनी नावापुढे लिहिले होते. कार्यकारिणीच्या अडचणीही खोट्या नव्हत्या. जादा वेळेचा पगार अनुदानात बसत नाही, आणि ग्रंथपाल बाई टिटवाळ्याला राहतात. त्यांना रात्री नऊनंतर गाडी पकडायला लावणे मला स्वतःलाही पटले नसते. दोन बैठकांनंतर तोडगा निघाला तो असा: बुधवारी आणि शुक्रवारी देवघेव रात्री सव्वानऊपर्यंत चालू ठेवायची, त्या दोन दिवशी आठनंतरची पाळी कार्यकारिणीतल्या आणि सभासदांतल्या दोघांनी मिळून करायची, आणि तीन महिने हे करून पाहायचे.

पहिल्या बुधवारी सात जण आले. दुसऱ्या महिन्यात पावसाने गाड्या कोलमडल्या तेव्हा दोन शुक्रवारी कोणीच आले नाही, आणि विषय तिथेच संपेल अशी मला भीती वाटली. पण तीन महिन्यांच्या अखेरीस नोंदवहीत सव्वीस नवे सभासद होते, आणि एकोणिसांपैकी चौदा जणांनी दिलेला शब्द पाळला होता. वेळ कायम झाली. महिन्यातला एक शुक्रवार माझ्या पाळीचा असतो. खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्यावर मला दिसते की बहुतेक माणसे अजूनही ढिगातले वरचे पुस्तक उचलतात. म्हणून मी संकीर्णची वही मुद्दाम उघडी करून खिडकीवर ठेवते आणि कोणी रेंगाळले तर तिच्यात काय काय आहे ते सांगते. कपाटे वाचकांना खुली करण्याचा विषय पुढच्या सभेसाठी मी लेखी दिला आहे. पुस्तके चुकीच्या जागी ठेवली जातील आणि काही हरवतील, ही भीती कार्यकारिणीला आहे आणि ती निराधार नाही. बालविभागापासून सुरुवात करावी, असे ग्रंथपाल बाईंचे मत पडले. मुलांचा हात पोचेल अशा दोन बुटक्या कपाटांसाठी त्यांनी आणि मी मिळून दोन सुतारांकडून दरपत्रके मागवली आहेत, आणि त्यांतले एक आले आहे.